रीफ टँकवरच्या घरगुती एलईडी लाइटची एकच माळ पुन्हा पुन्हा का जाते?

माळ तीच, कोपरा तोच, आणि जातो दर वेळी एखादाच एलईडी. तो बदलला की महिना-दोन महिने लाइट व्यवस्थित चालतो. मग एका संध्याकाळी टायमर लागतो, बाकीच्या माळा उजळतात आणि उजवीकडची निळी माळ अंधारातच राहते. रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, स्वतः लाइट बनवणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव आलेला असतो आणि बहुतेक जण ‘एलईडी स्वस्तातले होते’ असं म्हणून विषय संपवतात. मीही तेच म्हणत होतो. वर्षभरात त्या एका माळेतले चार एलईडी बदलले, तेव्हा कुठे लक्षात आलं की मरणारा एलईडी हा परिणाम आहे, कारण भलतीकडेच आहे.

माझा टँक माहीमला आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंचांचा, म्हणजे साधारण १९० लिटरचा. त्यात सगळे मऊ प्रवाळ आहेत: सार्कोफायटन, झोअँथिड, मश्रूम. कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि सी फॅन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ते घरात आणायचेच नाहीत. बघायचे असतील तर मालवणला पाण्यात उतरून बघावेत, तिथे ते आहेत तसेच सुंदर दिसतात.

लाइटची रचना साधी आहे. ॲल्युमिनियमच्या लांब हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्टीवर, ३ वॅटचे ३६ एलईडी, एकामागे एक जोडलेल्या १२-१२ च्या तीन माळा. दोन माळा रॉयल ब्लू, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटरच्या, आणि एक पांढरी. प्रत्येक माळेला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना ठरावीक करंट देणारा डबा, ६०० मिलिअँपियरचा, आणि त्यावर ‘आउटपुट ३० ते ६० व्होल्ट’ असं छापलेलं. एका एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे १२ ना ३८ च्या आसपास. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सगळा प्रश्न ३८ आणि ६० यांच्या मधल्या फरकाचाच आहे.

आधी सुरक्षेचं

हे वगळून पुढे जाऊ नका. खाली खारं पाणी, वर धातूचा हीटसिंक आणि त्याला २३० व्होल्टवरून चालणारा ड्रायव्हर. स्वस्त ड्रायव्हरमध्ये आउटपुटची बाजू मेन लाइनपासून वेगळी केलेली असेलच असं नाही. त्यावर ‘आयसोलेटेड’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर तो तसा नाही असंच धरून चाला. हीटसिंकला अर्थिंग द्या, टँकच्या सगळ्या जोडण्या ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) ठेवा, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोळातून खाली टपकेल. तपासणी करताना लाइट टँकवरून उतरवून कोरड्या टेबलावर घ्या. टँकवर वाकून चालू वायरींना हात लावणं कुठल्याही कारणासाठी करू नये.

मेलेला एलईडी शोधणं

एलईडी दोन प्रकारे मरतो. आतून शॉर्ट झाला तर तो एकटा विझतो, बाकीचे ११ चालू राहतात. आतली तार तुटली तर करंटची वाटच बंद होते आणि अख्खी माळ विझते. माझ्याकडे दर वेळी दुसरा प्रकार होता, आणि हा भेद महत्त्वाचा निघाला.

शोधायला ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. माळ ड्रायव्हरपासून सोडवायची, रेझिस्टर बॅटरीच्या एका टोकाला जोडायचा आणि एकेका एलईडीच्या अधिक-उणे टोकांना लावत जायचं. करंट जेमतेम ६ मिलिअँपियर असतो, पण चांगला एलईडी तेवढ्यात स्वच्छ पेटतो. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर विसंबू नका, बऱ्याच मीटरमधून निळा एलईडी पेटेल एवढे व्होल्ट येतच नाहीत आणि चांगला एलईडी मेलेला वाटतो. पहिल्या वेळी मीही बहुधा असाच एक चांगला एलईडी आधी ‘मेलेला’ ठरवला होता. मेलेल्याकडे भिंगातून बघा. बऱ्याचदा मधल्या पिवळट किंवा पारदर्शक ठिपक्यात एक काळी टिकली दिसते. ती दिसली तर समजायचं की क्षणभर फार मोठा करंट गेलाय. हळूहळू तापून खराब झालेला एलईडी असा दिसत नाही, तो मंद होत जातो, तपकिरी पडत जातो.

ज्यांच्यावर संशय होता

पहिला संशय उष्णतेवर. हीटसिंक आणि एलईडी ज्यावर बसवलेला असतो ती चकती यांच्यामध्ये थर्मल पेस्ट जास्त झाली, किंवा स्क्रू ढिला राहिला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून मे महिन्यात, खोलीतला पंखा बंद करून, चकतीच्या अगदी कडेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेकवून तीन तास लाइट चालवला. तापमान ४७ अंशांवर स्थिरावलं. हे अगदी मान्य होण्यासारखं आहे. शिवाय मेलेले चारही एलईडी पट्टीवर वेगवेगळ्या जागी होते. पेस्टचा दोष असता तर तीच जागा पुन्हा मेली असती.

दुसरा संशय ड्रायव्हरवर. माळेबरोबर मल्टीमीटर मालिकेत लावून करंट मोजला, ५९० मिलिअँपियर निघाला. एलईडी ७०० पर्यंत सहन करतात. तरी खात्री नव्हती म्हणून उजव्या निळ्या माळेचा ड्रायव्हर डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे लावला. सात आठवड्यांनी एलईडी गेला तो उजवीकडचाच. दोष ड्रायव्हरबरोबर हलला नाही, जागीच राहिला. ही अदलाबदल फुकटची आहे आणि तिच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसरी कुठलीच चाचणी देत नाही. मी ती सगळ्यात आधी करायला हवी होती.

तिसरा संशय विजेच्या चढउतारावर. पण तिन्ही ड्रायव्हर एकाच बोर्डवर आहेत. लाइनमध्ये झटका आला तर तो तिघांनाही बसेल. जी गोष्ट तिन्ही माळांना सारखी आहे ती एकाच माळेचं कारण असू शकत नाही. याच न्यायाने ‘एलईडी स्वस्तातले’ हा मुद्दाही गळाला, कारण तिन्ही माळा एकाच खरेदीतल्या होत्या.

काकांनी विचारलेला प्रश्न

आमच्या इमारतीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. चौथा एलईडी बदलत बसलो होतो तेव्हा ते सहज घरी आले. मी कुठला एलईडी गेला ते दाखवायला लागलो तर म्हणाले, “कुठला गेला ते राहू दे. जायच्या आधी काय होत होतं ते सांग.”

“काही नाही काका. आदल्या दिवशी माळ जरा फडफडत होती, एवढंच.”

“अरे, मग ‘काही नाही’ कसं? फडफडते म्हणजे कुठेतरी सुटतेय आणि लागतेय. जोड उघडून बघ. पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या तक्रारी जोडांच्याच यायच्या.”

प्रत्येक माळेच्या वायरीला मी एक दोन पिनांचा कनेक्टर ठेवला होता, लाइट उचलून बाजूला ठेवता यावा म्हणून. उजव्या माळेचा कनेक्टर बरोबर टँकच्या त्या कोपऱ्यावर येत होता जिथे स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र, लटकलेला आहे. उघडला तर आत हिरवट पूड, आणि एका पिनेवर बारीकशी काळी खाच. डावीकडचा कनेक्टर उघडला, तो चकचकीत.

आता फडफडण्याने एलईडी का मरतो ते सांगतो, कारण हेच कळलं नाही तर दुरुस्तीही अर्धवट होते.

आपला ड्रायव्हर करंट स्थिर ठेवणारा असतो. त्याला ६०० मिलिअँपियर द्यायचेच असतात, त्यासाठी लागतील तेवढे व्होल्ट तो लावतो. माळ जोडलेली असते तोवर ३८ व्होल्टवर काम भागतं. कनेक्टरमधला संपर्क क्षणभर सुटला की करंट शून्य होतो, आणि ड्रायव्हर तो परत आणण्यासाठी व्होल्टेज वाढवत नेतो, त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत. माझ्या ड्रायव्हरचं आउटपुट मोकळं सोडून मोजलं तेव्हा ६२ व्होल्ट आले. या ६२ व्होल्टांनी ड्रायव्हरच्या आतला आउटपुट कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरून बसतो. इतक्यात पिन पुन्हा टेकते. ज्या माळेला ३८ हवेत तिच्यावर एकदम ६२ येतात, आणि ड्रायव्हरचं नियंत्रण जागेवर येण्याआधीच कपॅसिटर स्वतःला माळेतून रिकामा करून टाकतो. त्या क्षणी काही अँपियर करंट वाहतो. एलईडीच्या आतली तार केसाहूनही बारीक असते. एखादा झटका ती सोसते, दहावाही सोसते, पण कधीतरी बारापैकी सगळ्यात कमकुवत एलईडीची तार वितळते. म्हणून दर वेळी एकच जातो, आणि म्हणून जागा दर वेळी वेगळी.

यात आणखी एक चक्र आहे. डीसी करंट तुटताना संपर्कात ठिणगी पडते. त्या ठिणगीने पिनेवर खाच पडते, खाचेमुळे संपर्क आणखी खराब होतो, आणि पुढची फडफड लवकर येते. माझ्याकडे पहिला एलईडी चार महिन्यांनी गेला होता, शेवटचे दोन दीड-दोन महिन्यांच्या अंतराने.

आणि पावसाळा? घरातल्या बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं, तेच इथे होतं. स्किमरचे बुडबुडे फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब उडतात आणि लाइटवर सुकून मिठाचा थर बसतो. निव्वळ सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओलसर होतं. म्हणजे मुंबईच्या जूनमध्ये त्या कनेक्टरच्या आत मिठाचं पाणीच साठलेलं असतं, त्यात दोन वेगवेगळे धातू, आणि वरून रोज दहा तास डीसी व्होल्टेज. तांब्याला हिरवं करायला याहून काही लागत नाही.

खात्री कशी करायची

कनेक्टर हलवून बघू नका. हलवलं की तोच झटका तुम्ही स्वतः द्याल आणि आणखी एक एलईडी जाईल. त्याऐवजी लाइट टेबलावर चालू ठेवा, मल्टीमीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि कनेक्टरच्या अलीकडे आणि पलीकडे, एकाच वायरीवर, दोन्ही टोकं टेकवा. चांगल्या जोडात ६०० मिलिअँपियरला १०-१५ मिलिव्होल्ट दिसतात. माझ्या डाव्या कनेक्टरवर १२ होते. उजवीकडे आकडा ३०० ते ७०० च्या मध्ये नाचत होता. असा नाचणारा आकडा दिसला की पुढे शोधायची गरज नाही. हीच चाचणी एलईडींमधल्या प्रत्येक डाखावरही करता येते. हीटसिंक उष्णता ओढून घेतो, त्यामुळे घरी दिलेला डाख वरून चमकतो पण खाली नीट धरलेला नसतो. असे कच्चे डाखही हुबेहूब हेच लक्षण दाखवतात.

दुरुस्ती

टँकच्या वर एकही कनेक्टर ठेवू नका. मी तो कापून टाकला, वायर अखंड केली आणि कनेक्टर ड्रायव्हरच्या बाजूला, कपाटाच्या आत कोरड्या जागी नेला. जिथे जोड टाळता येत नाही तिथे डाख द्या, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा, आणि वायर हीटसिंकला क्लिपने बांधा, म्हणजे लाइट उचलताना ताण डाखावर येणार नाही.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती फार जणांकडून होते. तिसऱ्या वेळी मला डाखांवर मीठ दिसलं होतं. मी घरात पडलेलं काचेच्या टँकचं सिलिकॉन त्यावर लावलं. ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो वास म्हणजे ॲसेटिक ॲसिडच. काचेला त्याचं काही होत नाही, तांब्याला मात्र ते आतून खातं. सहा आठवड्यांनी खरवडलं तेव्हा सिलिकॉनखाली मिठापेक्षा जास्त हिरवं झालेलं होतं. विजेच्या कामाला न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारं, सिलिकॉन घ्या. आणि तेही एलईडीच्या डोक्यावर येऊ देऊ नका, त्यातली बाष्पं एलईडीच्या आवरणात शिरली तर ते तपकिरी पडतं.

लाइट आणि पाणी यांच्यामध्ये ४ मिलिमीटरची पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी लावली. ती दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावी लागते, नाहीतर मिठाच्या थराने प्रकाश कमी होतो. स्किमरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा बसवला, तुषार निम्म्याहून कमी झाले.

सवयीची एक गोष्ट: माळ नेहमी आधी जोडायची आणि वीज नंतर चालू करायची. चालू ड्रायव्हरला माळ जोडणं म्हणजे वर सांगितलेला ६२ व्होल्टांचा झटका मुद्दाम देणं. बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो, म्हणून आउटपुटवर मीटर लावून व्होल्टेज ५ च्या खाली गेलं की मगच पिन लावा. टायमर किंवा स्विच ड्रायव्हरच्या मेन लाइनच्या बाजूला ठेवा, माळेच्या बाजूला कधीच नाही. पुढचा ड्रायव्हर घेताना कमाल व्होल्टेज तुमच्या माळेच्या जितकं जवळचं मिळेल तितकं बघा. ३८ व्होल्टच्या माळेला ४२ वर थांबणारा ड्रायव्हर असता तर हे सगळं इतकं महागात पडलं नसतं.

एका ड्रायव्हरवर दोन माळा समांतर जोडल्या असतील तर तुमचं दुखणं वेगळं आहे. तिथे एक माळ तुटली की सगळा करंट दुसरीत जातो आणि तीही जाते. त्यावर उपाय एकच, प्रत्येक माळेला स्वतंत्र ड्रायव्हर.

लाइट परत आला, आता प्रवाळांचं

माळ बंद असताना टँकचा उजवा अर्धा भाग दहा-बारा दिवस कमी निळ्या प्रकाशात असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्या मंद प्रकाशाशी जुळवून घेतात. अशात एका रात्रीत पूर्ण उजेड परत दिला तर त्यांना तो सोसत नाही, प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. दुसऱ्या दुरुस्तीनंतर माझे झोअँथिड असेच आठवडाभर मिटून बसले होते, आणि मी पाण्यात दोष शोधत होतो.

माझ्या ड्रायव्हरला डिमिंग नाही. म्हणून मच्छरदाणीच्या जाळीचे तीन थर ॲक्रिलिकच्या पट्टीवर, दुरुस्त केलेल्या माळेच्या खाली अंथरतो आणि दर पाच दिवसांनी एक काढतो. डिमर असेल तर निम्म्यापासून सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ण करा. या काळात वेळ वाढवू नका. माझ्याकडे निळ्या माळा दहा तास आणि पांढरी सहा तास चालते, तेवढंच ठेवतो.

कनेक्टर हलवल्याला आता तीन पावसाळे झाले, त्या माळेतला एकही एलईडी गेलेला नाही. तरी मेअखेरीस एकदा आणि गणपतीनंतर एकदा लाइट खाली उतरवून अर्धा तास चालवतो आणि ड्रायव्हरच्या टोकाला प्रत्येक माळेचं व्होल्टेज मोजतो. हीटसिंकच्या कडेवर मार्करने जुने आकडे लिहिलेले आहेत: उजवी निळी ३८.६, डावी निळी ३८.४, पांढरी ३८.१. अर्धा तास यासाठी की एलईडी तापले की व्होल्टेज थोडं उतरतं, थंड लाइटचा आकडा फसवतो. यातला कुठलाही आकडा अर्ध्या व्होल्टने वाढलेला दिसला तर ती माळ त्याच दिवशी उघडायची आणि डाख एकेक करून मिलिव्होल्टवर तपासायचे.